न लागलेलं दही

माझी चूक आधी सांगून टाकतो. मी ज्या औषधाच्या दुकानात कामाला होतो, तिथल्या मुदत संपत आलेल्या कॅप्सूल वाया जाऊ नयेत म्हणून मी त्या खाल्ल्या. एक-दोन नव्हे. दोन-अडीच वर्षं.

दुसरी चूक, मला डायबेटिस आहे हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशीची. हे मला कुणा डॉक्टरने सांगितलं नाही. माझं मीच शोधून काढलं आणि शोधून काढल्याबरोबर लपवून ठेवलं.

तेव्हा आम्ही जळगावात राहत होतो. दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीचे दिवस नुकतेच मागे पडले होते. मला तहान फार लागायची. पण जळगावच्या मे महिन्यात तहान लागणं हा काही आजार नव्हे, तो रहिवासाचा पुरावा आहे. लघवीला वारंवार जावं लागे. पाणी जास्त प्यायलं की जावंच लागतं. पँट ढिली झाली. शिंप्याने माप चुकवलं. प्रत्येक लक्षणाचं माझ्याकडे उत्तर तयार होतं. मोरीत मुंग्या लागायला लागल्या तेव्हा मात्र उत्तर सुचेना.

दुकानात लघवीतली साखर बघायचं बेनेडिक्टचं द्रावण असे. निळ्या रंगाचं असतं. ते काचनळीत घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं तर जास्त, नारिंगी त्याहून जास्त. दुपारी शेठजी जेवायला गेले तेव्हा मी दार ओढून घेतलं आणि नळी धरली. हिरवा, पिवळा, नारिंगी हे रंग मला नीट बघताच आले नाहीत, इतक्या लगबगीने ते गेले. खाली बसला तो विटकरी गाळ.

मी म्हटलं, बाटली जुनी झाली असणार.

खात्री करायला बाटली घरी नेली. बायकोला, शांताला म्हणालो, "जरा एक काम आहे." काम काय ते ऐकून तिने माझ्याकडे असं बघितलं की लग्नाला वीस वर्षं झाल्याचा पश्चात्ताप मला स्पष्ट वाचता आला. तिची नळी निळीशार राहिली. म्हणजे बाटली ठीक होती. बिघडलेला मी होतो.

"कशाला होतं हे?" तिने विचारलं.

"कंपनीची तपासणी आहे," मी सांगितलं आणि आठ महिने गप्प बसलो.

आता कॅप्सूलबद्दल. मुदत संपत आलेला माल आम्ही एका पत्र्याच्या डब्यात वेगळा ठेवत असू. शेठजी राजस्थानातून आलेल्या जैन घराण्यातले. मुंगीला पाय लागू देणार नाहीत, पण या बाबतीत कडक. म्हणायचे, "वामनभाऊ, हा माल माणसाला द्यायचा नाय. खड्डा करा अन् पुरून टाका." मी दर वेळी मान डोलवायचो. पण चांगल्या पिवळ्या-लाल कॅप्सूल मातीत घालायच्या म्हणजे हात धजत नसे. बहुतेक टेट्रासायक्लीनच्या. टेट्रासायक्लीन म्हणजे जंतू मारणारं औषध. शिंक आली, घे एक. घसा खवखवला, घे दोन. पोट बिघडलं तर चार, कारण पोटात जंतू असतात हे मी ऐकून होतो. पुढे जीभ पांढरी पडली, तोंड आलं, पोट सारखं गुरगुरू लागलं. मी डोस वाढवला.

जेवणही सुधारलं होतं. गावाकडे, धरणगावच्या बाजूला, आम्ही कळण्याची भाकरी खाऊन वाढलो. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ. दुकानात गल्ल्याजवळ बसायला लागल्यावर मला ती भाकरी शेतकऱ्याची वाटू लागली. सकाळी चहात ब्रेड, दुपारी पांढराशुभ्र भात, संध्याकाळी समोरच्या हॉटेलातली शेव आणि जिलेबी. आपण वर चढलो, असं वाटत होतं.

मग खिळा आला.

मालाचं लाकडी खोकं उघडताना एक खिळा खाली पडला आणि माझ्या चपलेत घुसला. तळव्यातून करंगळीच्या बाजूला आत गेला. मी दिवसभर त्याच चपलेने हिंडलो. मला कळलंच नाही. संध्याकाळी घरात शिरलो आणि शांता ओरडली. मागे वळून पाहिलं तर उंबऱ्यापासून फरशीवर लाल ठसे उमटत आले होते, लक्ष्मीच्या पावलांसारखे. फक्त एकाच पायाचे.

खिळा उपटला तेव्हाही दुखलं नाही, आणि तेव्हा मी पहिल्यांदा खरा घाबरलो. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा पाय असा मुका झाला असेल, त्याला कळकळीने सांगतो: दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका. दुखणं हा निरोप असतो. माझ्याकडे निरोप आणणारा माणूसच मेला होता.

मी काय केलं? कॅप्सूल घेतल्या.

दहाव्या दिवशी करंगळी काळी पडली. वास येऊ लागला. जळगावच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, नाकाला रुमाल लावला आणि एकच शब्द बोलले, "गँगरीन." म्हणजे रक्त पोहोचत नसल्याने मांस जिवंतपणीच सडणं. मग रक्त तपासलं. कागद बघून म्हणाले, "तुम्ही औषधाच्या दुकानात काम करता ना? तिथे काय, डोळे बांधून बसता?"

मला धुळ्याच्या इस्पितळात पाठवलं. धुळ्यात माझी थोरली बहीण अक्का राहायची, तिच्याकडून डबा येईल हा हिशेब. एस.टी.त पाय ट्रंकेवर ठेवून पारोळ्यामार्गे गेलो. वासाने पुढच्या दोन बाकांवरची माणसं मागे जाऊन बसली. शांता खिडकीबाहेर बघत होती. ती रडत होती हे मला माहीत होतं, म्हणून मी विनोद करत होतो. एकालाही हसू आलं नाही. मलासुद्धा.

अक्का इस्पितळाच्या पायरीवरच बसलेली. तिने आधी पाय पाहिला, मग माझं तोंड.

"काय करी लिधं रे वामन्या?"

मी म्हणालो, "काही नाही अक्का, खिळा लागला."

"खिळा पायले लागना. तू आठ महिना काय करी राह्यना?"

शांताने तिला आधीच सगळं कळवलं होतं. बेनेडिक्टसुद्धा.

सर्जनने करंगळी काढली. मग जखम तपासून पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "बोट गेलं, ते गेलं. पाय ठेवायचा की नाही हे आता साखर ठरवेल. तीन आठवडे बघतो. साखर उतरली नाही आणि जखम वर सरकली, तर घोट्याच्या वरून कापावं लागेल." आणि पुढच्या खाटेकडे गेले. माणूस वाईट नव्हता. वॉर्डात माझ्यासारखे चार पाय होते.

साखरेचं काम एका डॉक्टरबाईंकडे होतं. चाळिशीच्या, सुती पातळ, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी इन्सुलिन सुरू केलं. इन्सुलिन म्हणजे साखर जिरवणारा रस, जो आपल्याच पोटात तयार व्हायला हवा आणि माझ्यात पुरत नव्हता. रोज सकाळी सुई. जखमेसाठी पेनिसिलिनची सुई वेगळी. आणि रोज ती नळी. ती उकळताना मी मान लांब करून रंग बघायचो. विटकरी. विटकरी. नारिंगी. पुन्हा विटकरी.

पहिला आठवडा गेला. जखम करंगळीच्या जागेवरून अर्धं बोट पुढे सरकली होती.

आणि पोट? दिवसाला आठ-दहा वेळा. एका पायावर उड्या मारत संडासापर्यंत जाणं हा प्रकार लिहून सांगण्यासारखा नाही, तरी सांगतो, कारण लोक हे सांगत नाहीत आणि नव्या माणसाला वाटतं की हे फक्त आपल्याच नशिबी आलं. एका सकाळी इन्सुलिन घेतलं, नाश्ता केला आणि तो पोटात टिकलाच नाही. तासाभरात घामाने चादर भिजली, हात थरथरायला लागले, समोर शांता दोन दिसायला लागल्या. नर्सने साखरेचं पाणी तोंडात ओतलं. साखर नको म्हणून जिथे आलो तिथेच साखरेने जीव वाचवला. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जाणं. शुद्धीवर आलो तेव्हा शांता माझा चांगला पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. तो कुणी नेत नव्हतं. पण ती सोडेना.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. "खाता काय तुम्ही?"

"काहीच नाही हो," मी दुबळ्या आवाजात म्हणालो. "आजारी माणसाचं हलकं. साबुदाण्याची खीर, मऊ भात, ब्रेड, ग्लुकोजची बिस्किटं."

त्यांनी चष्मा काढला. "हे कुणी सांगितलं?"

शांताने माझ्याकडे बोट केलं. "हेच म्हणाले. औषधातलं यांना कळतं म्हणून मी ऐकते."

"इस्पितळाचा आहार येतो, त्याचं काय होतं?"

तो शेजारच्या खाटेवरचा रावेरचा केळीवाला खात होता. बदल्यात मला केळी देत होता. मी खाली मान घातली. त्यानेही घातली.

कोपऱ्यात बसलेली अक्का म्हणाली, "मी पयल्या दिनपासून सांगस, त्याले भाकर द्या. तर म्हणे, भाकर जड ऱ्हास."

"जड आहे म्हणूनच बरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साबुदाणा पोटात गेला की सरळ साखर होतो. कोंड्याची भाकरी हळूहळू जिरते. पण हे पोट असं का वाहतंय? मी असं कोणतंही औषध दिलेलं नाही."

मी उशी मानेखाली घट्ट ओढून घेतली. इतकी घट्ट, की अक्काला संशय आला. तिने पुढे होऊन माझी उशी उचलली. खाली पत्र्याची चपटी डबी होती. तिने ती उघडली आणि डॉक्टरबाईंपुढे धरली.

"देखा डॉक्टरबाई! हाऊ माणूस उशीखाले काय दपाडी ठेवस ते!"

पिवळ्या-लाल कॅप्सूल चमकत होत्या. जुलाब थांबावेत म्हणून मी रोज चार घेत होतो.

मला वाटलं, बाई आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. एक कॅप्सूल बोटात धरून उलटीसुलटी करत राहिल्या. मग अक्काला म्हणाल्या, "तुमच्याकडे विरजण आहे ना? आज दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. दोन्हींत सारखं विरजण लावा. एकीत ही कॅप्सूल फोडून घाला. उद्या दोन्ही वाट्या इथे आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का वाट्या पदराखाली झाकून घेऊन आली, जशी काही चोरीच करून आली. डॉक्टरबाईंनी पहिली वाटी तिरकी केली. दही जागचं हललं नाही, सुरीने कापावं असं घट्ट. दुसरी तिरकी केली. पिवळट दूध लवंडून माझ्या चादरीवर सांडलं.

"विरजणात जिवंत जंतू असतात," त्या म्हणाल्या. "तेच दुधाचं दही करतात. तुमच्या औषधाने ते मेले. माणसाच्या आतड्यातही असे कामाचे जंतू असतात, त्यांना आम्ही इंटेस्टायनल फ्लोरा म्हणतो. म्हणजे आतड्यात कायम वस्तीला असलेले जंतू. पचनाला मदत करतात, थोडी जीवनसत्त्वं करतात, वाईट जंतूंना जागा देत नाहीत. पोट म्हणजे काही दुधाची वाटी नव्हे. पण तुमचं दोन वर्षांत काय झालं असेल, याची कल्पना आली ना?"

मी सांडलेल्या दुधाकडे बघत विचारलं, "म्हणजे डायबेटिस यानेच झाला?"

"तसं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही, आणि आज ते कुणाला नक्की सांगता येईल असं वाटत नाही. जंतूंचा आणि साखरेचा आणखी काय संबंध असेल तो पुढे शोधतील. मला एवढंच दिसतं. कॅप्सूलने पोट वाहतं. पोट वाहिलं की खाणं टिकत नाही. खाणं टिकलं नाही तर इन्सुलिन किती द्यायचं ते ठरवता येत नाही. त्यामुळे साखर कधी आभाळात, कधी पाताळात. आणि अशा साखरेत जखम भरत नाही." त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिलं. "दोन आठवडे उरलेत."

"मग तुम्ही ती पेनिसिलिनची सुई देता, ती?"

"ती जखमेला हवी आहे, म्हणून हवी तितकीच देते. ती थांबवायची नाही. तुम्ही घेत होता ते औषध नव्हतं, चाळा होता."

ती डबी शांताने नेली. कुठे टाकली ते मला तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

त्यानंतरचं सगळं हळू झालं. गोष्टीत लगेच होतं, पोटात होत नाही. पहिले तीन दिवस मीठ घातलेलं पातळ ताक आणि डाळीचं पाणी, इन्सुलिन कमी करून. मग पाव भाकरी. मग अर्धी. अक्का पहाटे कळण्याची भाकरी भाजायची, सोबत मेथी नाहीतर पोकळ्याची पालेभाजी, आणि डॉक्टरबाईंना दाखवल्याशिवाय डबा माझ्यापुढे ठेवायची नाही. मला भूक असायची अर्ध्या गावाची. मी म्हणायचो, "अक्का, एक घास जास्त दे ना." ती म्हणायची, "पाय पाहिजे का घास?"

सातव्या दिवशी पोट थांबलं. दिवसातून एकदा. मी ही बातमी वॉर्डभर सांगितली. रावेरच्या केळीवाल्याने माझं अभिनंदन केलं आणि केळं पुढे केलं. सवयीने. शांताने ते त्याच्या हातातून घेऊन स्वतः खाल्लं.

नळीत पुन्हा नारिंगी आलं. मग दोन दिवस पिवळं. एकदा परत विटकरी झालं आणि शांता मला न सांगता जिन्यात जाऊन बसली. मी त्या दिवशी नवस बोललो नाही, कारण काय सोडणार? सोडण्यासारखं सगळं डॉक्टरबाईंनी आधीच काढून घेतलं होतं. पाय कापल्यावर दुकानात उभं कसं राहायचं, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. औषधाच्या दुकानातला माणूस दिवसभर उभाच असतो.

तीन आठवडे संपले त्या सकाळी नळी हिरवी निघाली. साधी हिरवी, कच्च्या कैरीसारखी. मग सर्जन आले. पट्टी सोडली. मी डोळे मिटले. पाय दुखला नाही, पण त्यावर माझा विश्वास उरला नव्हता. ते बराच वेळ चिमट्याने टोकरत राहिले.

"कडेला लाल दाणे धरलेत," शेवटी म्हणाले. "नवीन मांस आहे. कापायचं नाही." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पुढच्या खाटेवरच्या माणसाचा पाय त्याच आठवड्यात गेला. त्याने माझ्यासारखा मूर्खपणा काहीच केला नव्हता. हे मी विसरत नाही. बरा झालो यात माझी हुशारी शून्य आहे. ज्यांच्यामुळे झालो, त्यांतली एक स्वयंपाकघरात होती आणि दोघी वॉर्डात. आणि ज्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत, असे अगणित माझ्या पोटात होते.

डायबेटिस गेला नाही. तो जात नाही. भाकरीने आणि ताकाने जातो असं कुणी सांगितलं, तर त्याला माझा पाय दाखवा, चार बोटांचा. मी अजून सुई घेतो, पथ्य मोजून खातो, रोज संध्याकाळी तळवे आरशात बघतो. शेठजींनी मला परत कामावर घेतलं. पण तो पत्र्याचा डबा आता ते स्वतः उचलतात, स्वतः खड्डा करतात, आणि माती ओढेपर्यंत माझ्याकडे पाठ करत नाहीत.

मला मात्र एक नवी सवय लागली. कुणी गिऱ्हाईक आलं आणि चिठ्ठीशिवाय "दोन लाल-पिवळ्या द्या" म्हणालं, की मी त्याला आतड्यातल्या जंतूंवर व्याख्यान देतो. विरजण, दोन वाट्या, सगळं. त्या दिवाळीला अक्काकडे गेलो, तेव्हा तिच्या सुनेला सांगत बसलो होतो, की आपल्या पोटात एक अख्खं गाव असतं, ते रात्रंदिवस आपल्यासाठी राबतं, त्याला जपायला हवं, त्याला दुखवू नये, आपल्या जीवावर ते आणि त्याच्या जीवावर आपण...

अक्काने माझ्या ताटात मोजून अर्धी भाकरी टाकली.

"जंतूस्नं माले सांगू नको," ती म्हणाली. "तुना भरोसावर ऱ्हायनात, आन् समदा मरी ग्यात."